नागुबाईचा पहारा

नवऱ्याची शुगर आटोक्यात आली ती आपल्या पहाऱ्यामुळे, असं नागुबाई अख्ख्या मानवत गावभर सांगत सुटली होती. आणि का सांगू नये? डॉक्टरांनी साखर, गूळ, भात बंद करायला सांगितलं. नागुबाईनं स्वतःच्या अकलेनं दूध, तूप, केळी, शेंगदाणे, सगळ्यालाच फाटा दिला. उरली अर्धी भाकरी आणि मेथीची पातळ भाजी. तेवढ्यावर साठीला टेकलेला बसवराज कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्यानं तागे उलगडायचा आणि गुंडाळायचा.

मठातल्या दासोहाला, म्हणजे प्रसादाच्या पंगतीला, शिरा असायचा. लिंगायतांत ताटातला प्रसाद टाकणं म्हणजे पापच. ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. बसवराज वाढलेल्या शिऱ्याकडे टक लावून बसायचा आणि शेजारी नागुबाई त्याच्याकडे.

"आवो, मन लय चळायलंय तुमचं. द्या इकडं," म्हणत ती त्याच्या वाटचा शिरा स्वतः खाऊन टाकायची. टाकायचं तर नाही ना! तोही देवमाणूस, कधी चकार शब्द काढला नाही. बायको आपल्या भल्यासाठीच करते, यावर त्याचा पक्का भरवसा.

शेजारची महेश्वरी एकदा म्हणाली, "काकू, काका लय वाळलेत की वो."

"वाळू दे. रोग वाळायलाय," नागुबाई हसली. पँट कंबरेवर ठरेना, तेव्हा तिनं ती हौसेनं आत घेऊन शिवली. रिपोर्ट चांगला आला की दोघांना कोण आनंद!

मग एका सकाळी गिऱ्हाइकासमोर तागा काढता काढता बसवराज कोसळला. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या पायांवरची सूज दाबून पाहिली, दंड चिमटीत धरून पाहिला.

"शुगर वाढलेली नाही, उलट फार उतरलीय. यांच्या पोटात अन्नच नाही. अंगातलं मांस झिजलं, आता हृदयही थकलंय. काय खायचे हे?"

नागुबाई सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज बसत गेला. डॉक्टर रागावले असते तरी तिला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती केसपेपरवर नोंद केली.

"फार उशीर झालाय," शेवटी ते म्हणाले. "थोडं थोडं भरवून बघा."

तिनं मुगाची खिचडी मऊ घोटून आणली. चमचा ओठाशी नेला, तर बसवराजानं तोंड फिरवलं.

"एक घास घ्या वो. पाया पडते तुमच्या."

त्यानं कष्टानं डोळे उघडले. "मन चळंना गं आता," तो म्हणाला. "भूकच लागंना. जमलं बघ मला."

नागुबाईनं चमचा वाटीत ठेवला. मीच मारलं या माणसाला, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण तो तिच्याकडे शाबासकीच्या आशेनं बघत होता.