हनुवटीला लावलेला हात

माझा स्वभाव तापट आहे, हे देवळाली प्रवरात कुणालाही विचारा. माझ्या दवाखान्याबाहेर सकाळी सातलाच वहीत नावं लिहायला गर्दी होते आणि नऊला मी आले की पहिली दहा मिनिटं ओरडण्यातच जातात. रतनबाईंवर मात्र मी कधी ओरडले नाही. एकसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, नीटनेटक्या बाई. मुलगा कल्याण कामावर जाताना त्यांना मोटरसायकलवरून सोडायचा, त्यामुळे पहिला नंबर कायम त्यांचाच.

"दिस कलला की पापनी खाली पडती बगा," त्या सांगायच्या. "घास चावत न्हाई. बोलाय गेलं तर नाकातून आवाज येतो."

आणि हे सगळं टपोऱ्या, उघड्या डोळ्यांनी, खणखणीत आवाजात. मी बीपी पाहिलं, शुगर पाहिली, थायरॉईड तपासून घेतलं. नगरला मेंदूचा स्कॅनही झाला, तोही सकाळीच. सगळं स्वच्छ. तिसऱ्या खेपेला मी टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाले, "मावशी, मनाला फार लावून घेऊ नका."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "बाई, खरं सांगा. सून म्हन्ती, मी नाटकं करती. करती का वो मी? आता मलाबी काय कळंना झालंय."

"छे, छे," मी म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या 'छे, छे'ची मला आजही लाज वाटते.

जानेवारीत कल्याणने दवाखान्यातल्या आम्हा सगळ्यांना हुरड्याला बोलावलं. उसाच्या गावात हुरड्यापुरती म्हणून त्याने बांधाकडेला दोन गुंठे ज्वारी पेरली होती. संध्याकाळी पाचला आम्ही आगटीभोवती बसलो. कल्याण कणसं भाजत होता, त्याची बायको राजेश्वरी चोळून गरम दाणे हातावर देत होती. जवसाची चटणी, गूळ, बर्फ घातलेला मठ्ठा. मी पथ्य-बिथ्य सगळं विसरून ताव मारत होते.

रतनबाई सगळ्यांकडे पाठ करून बसल्या होत्या. बाईमाणूस लाजतंय म्हणून मी मूठभर हुरडा घेऊन त्यांच्यापाशी गेले, तर त्यांचा एक हात हनुवटीखाली होता. जबडा खाली पडत होता आणि प्रत्येक घासाला त्या तो हाताने वर ढकलत होत्या. उजवी पापणी अर्धी मिटलेली.

"बघा मॅडम," मागून राजेश्वरी म्हणाली, "पाहुनं आलं की सुरू झालं."

माझ्या हातातला हुरडा सांडला. हनुवटीखालचा हा हात मी बावीस वर्षांपूर्वी पुस्तकात वाचला होता, प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता.

"मावशी, त्या आंब्याच्या शेंड्याकडे बघा. नजर हलवू नका."

त्यांनी पाहिलं. अर्ध्या मिनिटात उजवी पापणी सरकत सरकत पार खाली आली. मी मठ्ठ्याजवळच्या खोक्यातून बर्फ घेतला, रुमालात गुंडाळला आणि त्या डोळ्यावर धरला. "कल्याण, दोन मिनिटं मोज."

डॉक्टरणीचं डोकं बिघडलं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. कल्याण मोबाईलकडे बघत राहिला. दोन मिनिटांनी मी रुमाल काढला. पापणी वर होती. डोळा लख्ख उघडा!

"आई!" कल्याण ओरडला.

थोड्या वेळाने पापणी पुन्हा उतरली, तीही सगळ्यांनी पाहिली. मग मी सांगितलं, नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. विश्रांती झाली की सकाळी जमतं, दिवसभराच्या वापराने स्नायू थकतो, आणि गारव्याने घटकाभर सुधारतो. "सोंग असेल तर पापणी अशी बर्फाने वर येत नाही."

"म्हंजी..." रतनबाई नाकातून, अडखळत म्हणाल्या, "खराच आजार हाय?"

"खराच. मायस्थेनिया म्हणतात. गोळ्या आहेत त्यावर. चूक माझी झाली, मावशी. तुम्ही संध्याकाळचं सांगत होतात आणि मी सकाळचं तपासत होते."

त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसल्या. आजार आहे म्हटल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मग राजेश्वरी येऊन सासूच्या पायाशी बसली. "आत्या, लई वंगाळ बोलले वो मी तुमाला."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नगरला पाठवलं. रक्ताची आणि नसांची तपासणी झाली, छातीचा स्कॅन झाला, आणि निदान पक्कं होऊन गोळ्या सुरू झाल्या. नंतर एका संध्याकाळी सातच्या सुमाराला कल्याणचा फोन आला. मी धसकलेच.

"मॅडम, आई बोलायची थांबंना!"

मग फोनवर रतनबाईच आल्या. आवाज खणखणीत. "बाई, आज दीड भाकर खाल्ली. हात न लावता. आन् ऐका, ही राजेश्वरी भाकरी लई जाड थापती. सा म्हैने हुतं माज्या मनात, पन सांजंला तोंडच चालत न्हवतं!"

मागून राजेश्वरीचं हसू ऐकू येत होतं. "सांगा, सांगा मॅडमला," ती म्हणत होती, "अजून काय काय राह्यलंय?"

बरंच राहिलं होतं. त्या तक्रारींत माझाही नंबर होता. वीस मिनिटं मी सगळं ऐकून घेतलं आणि मधे एकदाही तोडलं नाही.