तेवीस हिट

मी एक जुनी बेसबॉलची बॅट आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. दोन हजार सहा सालचा राग आहे तो, अजून उतरलेला नाही.

माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. बबन तिथे लेथवर पलंगाचे पाय कातायचा. त्याची मुलगी यशोधरा अंबरनाथच्या मुलींच्या संघात खेळायची आणि संघाच्या बॅटी तिला जड व्हायच्या. म्हणून बबनने जेवणाच्या सुट्टीत तुतीच्या लाकडातून मला घडवलं. दुकानाचा शेठ हसला. "बबन, ये कौनसे पलंग का पाया है?"

"ये मेरी बेटी का है, शेठ," बबन म्हणाला.

त्या वर्षी आमच्या भागात पहिल्यांदाच मानधन देणारी लीग सुरू झाली. चार संघ होते. पहिल्या दिवशी पंचांनी मला मापलं, तोललं आणि म्हणाले, "खेळा." चेंडू मारून सुखरूप पहिल्या बेसवर पोचलं की एक हिट. सर्वांत जास्त हिट जिच्या, तिला राज्याच्या शिबिरात जागा मिळणार होती. यशोधरेने तेवीस हिट मारल्या. बदलापूरच्या रिद्धीने एकवीस. रिद्धीची बॅट सीझनच्या मध्यातच तडकली, तेव्हा यशोधरेने मला तिच्या हातात दिलं होतं. पुढचे सगळे सामने ती मलाच मागून घेऊन खेळली. तिच्या नऊ हिट माझ्याच.

शेवटच्या सामन्यानंतर लीगचे सेक्रेटरी रामभाऊ यादी घेऊन उभे राहिले. वर रिद्धीचं नाव होतं. यशोधरेचं कुठेच नव्हतं.

"बॅटवर कंपनीचा शिक्का नाही," ते म्हणाले. "घरगुती लाकूड. तिच्या हिट बाद."

घरगुती लाकूड! बबन मैदानाच्या कडेला उभा होता, त्याने मान खाली घातली. यशोधरेची आई सुंदराबाई मात्र तरातरा पुढे गेली.

"साहेब, सगळा सीझन ही बॅट तुमच्या नाकासमोर खेळली. तेव्हा शिक्का नाही दिसला?"

"ताई, नियम म्हणजे नियम."

"मग माझ्यापण नऊ कापा, सर," रिद्धी मागून म्हणाली. "मीपण ह्याच बॅटने मारल्यात."

"तू गप बस. तुझं नाव वर आलंय ना?"

रिद्धीने पहिल्या नंबरचा कप घेतला नाही. पण महिन्याभराने शिबिराचं पत्र आलं, तेव्हा ती गेली. वडिलांनी पाठवलं म्हणे. माझा तिच्यावरही थोडा राग आहे, खोटं कशाला बोलू?

यादी वाचली त्याच रात्री अंबरनाथला बुवापाड्यातल्या घरी बबनने करवत काढली होती. "हिच्यामुळेच झालं सगळं."

यशोधरेने मला त्याच्या हातातून हिसकावलं. "बाबा, हात लावू नका हिला. हिने काय केलं? लबाडी त्यांनी केली."

ती पुन्हा लीगमध्ये खेळली नाही. एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि मला सोबत नेलं. दोन हजार नऊमध्ये शाळांची स्पर्धा भरली. प्रमुख पाहुणे कोण, तर रामभाऊ! सामना सुरू होण्याआधी यशोधरा मला आणि एक कागद घेऊन त्यांच्यापुढे गेली.

"सर, ही बॅट चालेल असं लिहा. खाली सही करा."

"अगं, आज कशाला ते? मुली खोळंबल्यात."

"खोळंबू देत."

चाळीस मुली उन्हात उभ्या होत्या. एकही जागची हलली नाही. पालक बघायला लागले तसे रामभाऊंनी खिशातलं पेन काढलं. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या सहीने तेवीस हिट परत आल्या नाहीत, मित्रांनो. जुन्या यादीत आजही रिद्धीच पहिली आहे. मला तेल लावा, वाळवीपासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. उद्या याद्या तुम्ही लिहाल. जिने मारलं, तिचंच नाव लिहा.