एका सायकलीची दोन मापं

मंगळवारी सकाळी सहा वाजता जिन्याखालच्या सायकलीची सीट वरच होती.

घडलं ते एवढंच. चोरी नाही, मोडतोड नाही. टायरांत हवा होती, घंटी जागच्या जागी होती. तरी ती डबा हातात धरून शेवटच्या पायरीवर उभी राहिली, ती उभीच.

घरात सायकल एकच. जाड टायरांची, खडीच्या चढावर न कुरकुरणारी. ती दिवसा सायकलीवरून हॉस्पिटलच्या धोबीखान्यात जायची, ओल्या चादरी इस्त्रीच्या रुळांत घालायला. नवरा रात्री जायचा, उलट दिशेला, बाटल्या भरायच्या कारखान्यात. माणसं आळीपाळीनं झोपत; सायकलीच्या नशिबी तेवढंही नव्हतं. नवरा ताडमाड उंच, ती त्याच्या खांद्याला लागणारी. म्हणून लग्नापासूनची रीत: जो घरी येईल त्यानं वर जाण्याआधी सीटखालचा खटका सैल करायचा आणि सीट दुसऱ्याच्या मापाला लावून ठेवायची. सीटच्या दांडीवर त्यानंच कधीतरी ब्लेडनं दोन रेघा ओढल्या होत्या, एक त्याची, एक तिची. हा नियम कुणी कुणाला घालून दिला नव्हता. ताप असो, पाहुणे असोत, रीत चुकली नाही. भांडणात तर नाहीच. दोघांची तोंडं दोन दिशांना असली, तरी सकाळी सीट मुकाट्यानं तिच्या रेघेवर असायची, आणि तिचा निम्मा राग तिथंच उतरायचा.

‘विसरला असेल,’ ती मनाशी म्हणाली. खटका ओढला, सीट खाली दाबली आणि निघाली.

बुधवारीही सीट वरच होती.

वर जाऊन विचारायला काय झालं होतं? नवरा तिथंच होता, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. पण दिवसपाळी मागून घे, असं ती उन्हाळ्यापासून सांगत होती आणि तो दर वेळी ‘बघू’ म्हणत होता. शेवटच्या ‘बघू’नंतर तिनं ठरवलं होतं, आता आपण होऊन विचारायचं नाही. मग तिनंही जशास तसं केलं. संध्याकाळी आली तेव्हा सीट तशीच खाली ठेवली. तो निघाला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान लावून होती. खाली खटक्याचा आवाज आला, कट्. मग खडीवर टायरांचा. बस्स.

तसं पाहिलं तर कुणाचं काही अडलं नव्हतं. ज्याची त्यानं लावून घ्यायची, एवढाच फरक. पण त्या आठवड्यात तिचं अंग बोलायला लागलं. मनगटं ठणकायला लागली, मान आखडली, कंबर धरली. हे सगळं आधीही दुखत असणार; तिनं लक्ष दिलं नव्हतं.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानवाली बाई ग्रीसचे हात फडक्याला पुसत बाहेर आली. तिला सायकलीवर बसवून, भिंतीला धरून, पायडल मारायला लावलं.

“सीटची उंची बरोबर आहे. सायकल कुणाची?”

“आमची.”

“आमची म्हणजे कुणाचीच नाही, ताई. हँडल केवढं लांब आहे तुम्हाला! अंगाचा सगळा भार मनगटांवर टाकून लोंबताय. दोरीवरचं धुणं बरं.”

“धुण्यातच असते मी.” ती हसली. “सीट पुढे सरकवली तर?”

“गुडघे ओरडतील. आजार एकीकडे आणि औषध भलतीकडे.” बाईनं हँडल धरणाऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. “हा स्टेम बदलून आखूड घालू. हँडल थोडं वर येईल. ब्रेकच्या दांड्या जरा खाली वळवते, म्हणजे मनगट सरळ राहील. मग बघा, पाटावर बसल्यासारखं वाटेल.”

“आणि ह्यांना?”

“ते उंच आहेत का?”

“बरेच.”

“मग त्यांची सर्कस होईल. सीट मिनिटात वरखाली होते, स्टेम नाही होत. विचारून या हवं तर. घाई नाही.”

विचारून या. तेवढंच तर जमत नव्हतं. ती भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे बघत राहिली. स्टेम बदलला तर त्याला काहीतरी बोलावंच लागेल. ओरडेल. ओरडू दे. निदान तोंड तरी उघडेल.

“करा,” ती म्हणाली.

येताना पाठ पहिल्यांदाच सरळ होती. रोज खडीच दिसायची. आज दोन्ही बाजूंची घरं दिसली, गॅलरीतली माणसं दिसली. मनगटांत कळ नव्हती. हे कुणाला तरी सांगावं असं तिला वाटलं, आणि सांगण्यासारखा माणूस एकच आठवला.

संध्याकाळी तो उठला, जेवला, खाली गेला. ती गॅस बंद करून थांबली. खटका वाजला. मग बराच वेळ काही नाही. मग पावलं वर आली.

तो दारातच उभा राहिला. “बसनं जातो.”

“का?”

“उशीर होतोय.”

“सायकलीनं लवकर पोचशील की.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरची पिशवी नीट केली. “तुला बरी झाली ना?”

“हो.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि गेला. त्या ‘मग झालं तर’चा अर्थ लावत ती अंथरुणावर पडून राहिली.

शनिवारी सहाला तो परतलेला नव्हता. पहाटे बस नसते, चालत येत असेल, म्हणून ती वाट बघत पायरीवर बसली. फोन लावला, वाजून बंद झाला. साडेसहाला तिनं सायकल काढली आणि हॉस्पिटलकडे न वळता कारखान्याच्या रस्त्याला लागली. वाटेत तो भेटला नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला ओळखलं. “वहिनी, तुम्ही इकडे? ते तर पाळी सुटल्या सुटल्या गेले. चालत.”

“कुठल्या बाजूला?”

“ते काही बघितलं नाही.” तो जरा घुटमळला. “दिवसपाळीचं ठरलं का मग?”

“कसली दिवसपाळी?”

“सोमवारी रात्री साहेबांनी बोलावून विचारलं ना त्यांना. जागा रिकामी झालीय म्हणून.”

“मग हे काय म्हणाले?”

“ते मला माहीत नाही. दार लावलेलं होतं.”

सोमवारी रात्री हे विचारणं, आणि मंगळवारी सकाळपासून सीट वर. सात वाजले. आतून बाटल्यांचा खणखणाट सुरू झाला. ती फाटकाच्या बाजूला, एक पाय जमिनीवर टेकवून, पुन्हा फोन लावत होती. फोन वाजत होता.