शेंदराखालचा स्वार

मी एक वीरगळ बोलतोय. गावाची गुरं सोडवताना पडलेल्या एका गड्याची आठवण म्हणून कुणा पाथरवटाने मला घडवलं. घोड्यावरचा स्वार, हातात तलवार, पायाशी दोन गाई, एवढाच माझा संसार. पुढे त्या गड्याचं नाव लोक विसरले. पण दगडाला मोकळं सोडतील तर ती आपली माणसं कसली! वडगाव रासाईला, भीमेच्या काठी, कुणीतरी मला शेंदूर फासला आणि मी म्हसोबा झालो.

मग काय, दर अमावास्येला तेल, शेंदूर, नारळ. थरावर थर चढले. घोडा बुडाला, तलवार बुडाली, वर चांदीचे दोन डोळे चिकटले. शेजारच्या मळ्यातली अनसाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिने एकही अमावास्या चुकवली नाही. म्हैस आटली तरी मला सांगायची. मी देव नव्हतो, पण ऐकत होतो.

१९९८ साली एका अमावास्येला ती रडतच आली. "देवा, सुलक्षणा बाळंतपणाला दौंडच्या दवाखान्यात हाय. माझ्या लेकीला नीट सुटू दे."

त्याच आठवड्यात मला चोरांनी उचललं.

जुन्या मूर्ती विकणाऱ्या एका व्यापाऱ्याची ती माणसं. रॉकेल ओतून त्यांनी माझा शेंदूर खरवडला. दुखलं फार. पण कित्येक पिढ्यांनी घोड्याला वारा लागला, तेव्हा बरंही वाटलं. आपलं तोंड आपल्याला चोराने परत द्यावं, याची अजून लाज वाटते.

पुढे पोलिसांनी धाड घातली. व्यापारी जामिनावर सुटला, मी मुद्देमाल म्हणून आत. खटला सुरू झाला तेव्हा तो बेधडक म्हणाला, "दगड आमचा वडिलोपार्जित आहे." आता गावाने मला ओळखलं, तरच मी घरी जाणार होतो.

साक्षीला अनसाबाई आली, गावातल्या महबूबच्या टेम्पोतून. "म्हसोबाची आन, खरं त्येच सांगंन," ती म्हणाली.

"आजी, हाच का तुमचा देव?" सरकारी वकिलांनी विचारलं.

ती जवळ येऊन बघत राहिली. मी आतून ओरडत होतो, अगं बाई, मीच तो!

"न्हाई, सायेब. ह्यो घोड्यावरचा कोन हाय, मला ठावं न्हाई. आमच्या देवाला डोळं हायेत."

मागून महबूब उठला. "सायेब, जरा शेंदूर लावून बघू द्या की. ह्याला उघडा आमी कुनीच बघितल्याला न्हाई."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. "मुद्देमालात बदल करता येणार नाही," ते म्हणाले. कायद्याने ते बरोबरच होतं.

व्यापारी सुटला. पण कागद त्याच्याकडेही नव्हते, म्हणून मी सरकारजमा झालो. आता एका संग्रहालयाच्या व्हरांड्यात उभा आहे. जाणकार येतात, माझ्या घोड्याचं कौतुक करतात. आटलेल्या म्हशीचं कुणी सांगत नाही.

मध्यंतरी महबूब येऊन गेला. हळूच म्हणाला, "अनसामावशी अजून रिकाम्या चौथऱ्यावर तेल सोडती."

वडगाव रासाईला गेलात, तर तिला एवढं सांगा. बाई, माझीच शपथ घेऊन तू खरं बोललीस, माझा राग नाही. पण एकदा ये. ओळखू नकोस हवं तर. नुसती समोर बस, आणि सुलक्षणाचं काय झालं ते सांग.