टोक हातात ठेवायची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, जवळ या, पण नाक धरून या. माझ्या अंगाला पानाच्या पिंकेचा, विडीचा आणि परक्या बुटांचा वास येतो. नदीवर कितीदा आपटून धुतलं तरी तो जात नाही. हा वास मला गावात लागलेला नाही. तो मी प्रांताच्या राजधानीतून आणला, जिथे मोठी माणसं कायदे करतात तिथून.

माझा जन्म एका धनगराच्या मागावर झाला. काळ्या मेंढ्यांची लोकर आणि चिंचोक्याची खळ यांनी मला अंग दिलं. अनसिंगच्या बाजारात आमच्या गावाने मला विकत घेतलं. गाव नदीकाठचं, वांगी-मिरच्या पिकवून बाजाराला नेणारं. मला कुणा एकाने घेतलं नव्हतं. पंचांनी बसावं म्हणून सगळ्या गावाने मिळून घेतलं होतं.

गावात एक चाल होती. पंच माझ्यावर बसत, पण माझं एक टोक गावकऱ्यांच्या हातात असे. पंचाने लबाडी केली की गावकरी ते टोक हिसकत. पंच धुळीत पडे आणि पुन्हा माझ्यावर बसायचा त्याचा हक्क जाई. त्यामुळे माझ्यावर बसणारा माणूस तोंड सांभाळून बोले. त्या काळी मला स्वतःचा मोठा अभिमान वाटायचा.

एका श्रावणात गावातल्या तुळसाबाईंची थोरली सून बाळंतपणात अडली. दवाखाना नदीपलीकडे, नदीला पूर, आणि पूल तर नव्हताच. माझी झोळी केली आणि चौघांनी चार टोकं धरली. काठावर आम्ही पाणी उतरायची वाट पाहत राहिलो. ती बिचारी माझ्यातच गेली, पोटातल्या लेकरासकट. तिच्या अंगाची ऊब निघून गेलेली मला कळली. एक टोक दौलतरावांनी धरलं होतं. हा तरणा माणूस काठावर बसून ढसाढसा रडला आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "इथं पूल बांधल्याबिगर मी राहणार नाही."

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी कायदेमंडळाची निवडणूक झाली. गावाने दौलतरावांना उभं केलं. आसपासच्या गावांनीही मतं दिली आणि ते निवडून आले. निघताना म्हातारे पंच गुलाबराव यांनी माझी घडी त्यांच्या खांद्यावर टाकली. "दौलतभाऊ, हे घेऊन जा. हिच्यावर बसजा, अन् पुलाचं बोलजा."

इथेच गाव चुकलं, मित्रांनो. मी राजधानीला गेले, पण टोक धरणारे हात गावातच राहिले.

पहिल्या दिवशी दौलतराव मला खुर्चीवर अंथरून बसले. मग उठून असे कडाडले की सभागृह गप्प झालं. मला वाटलं, झाला पूल! पण त्याच संध्याकाळी एका बड्या पुढाऱ्याने त्यांना चहाला बोलावलं. "तुमच्यासारखा माणूस बाहेरून ओरडतो, हे बरं नाही. पुलांची एक समिती नेमू. तुम्हीच अध्यक्ष व्हा."

दौलतरावांना केवढा आनंद झाला! त्यांना वेगळी खोली मिळाली, दारात चपराशी आला. मला मात्र हळूहळू सगळं उमगलं. जो ओरडे त्याला अध्यक्षपद मिळे. जो कुरकुरे त्याला सभासद करीत. आणि पैसे जिच्या हातात असत ती एक समिती पुढारी आपल्याच गोतावळ्यात ठेवीत. दौलतरावांच्या समितीला फक्त शिफारस करता येई. शिफारस लिहायला त्यांनी उपसमिती नेमली. उपसमितीतल्या प्रत्येकाला पूल आपल्याच दारात हवा होता. लोक उगीच माझं नाव घेऊन 'भिजत घोंगडं' म्हणतात. मी तर उन्हात वाळते, ही माणसं कधी वाळत नाहीत!

मला लवकरच खुर्चीवरून काढलं. "टोचते," असं दौलतरावच म्हणाले. मग मी खोलीच्या दारात पायपुसणं झाले. सभासद जेवून यायचे, माझ्यावर बूट घासायचे, जाता जाता पिंक टाकायचे. एकाने जळती विडी माझ्यावर विझवली. ज्या जागी तुळसाबाईंच्या सुनेचं डोकं टेकलं होतं, तिथेच ते भोक पडलं. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. शेवटी पूल मंजूर झाला. कुठे? पैशांच्या समितीतल्या एका गृहस्थांच्या घरापुढच्या कोरड्या नाल्यावर. त्या नाल्यात कोंबडीसुद्धा बुडाली नसती. दौलतरावांनी मुकाट्याने सही केली.

मृगाच्या तोंडाशी ते गावी आले. चपराशाने त्यांची वळकटी माझ्यातच बांधली होती, म्हणून मीही परतले. पारावर पुन्हा मला अंथरलं. तुळसाबाई समोरच होत्या. त्यांची धाकटी सून रंगू पोटुशी होती आणि दिवस श्रावणातच भरणार होते.

"पुलाचं काय झालं, भाऊ?" त्यांनी विचारलं.

दौलतराव उपसमितीचं सांगू लागले, मग अडखळले. "माह्या हातात काय हाये, तुळसाबाई? समिती माही, पन तिजोरी त्याईची."

"मंग त्या खुर्चीवरून उठून काहून नाही आले?"

माझं टोक गुलाबरावांच्या हातात होतं, पण म्हातारा ते ओढेना. एवढ्या मोठ्या माणसाला कसं ओढावं? तुळसाबाई उठल्या. माझ्यावरचं जळकं भोक त्यांनी बोटांनी चाचपलं, गुलाबरावांच्या हातून टोक घेतलं आणि असा हिसका दिला की दौलतराव धुळीत गेले. तेव्हा माझा थोडा तरी विटाळ धुतला गेला.

दुसऱ्या दिवशी नदीला गुडघाभर पाणी होतं. गावाने पुलाची वाट पाहणं सोडलं. रंगूला माझ्या झोळीत बसवून पलीकडे, दवाखान्याजवळ राहणाऱ्या तिच्या मावशीकडे न्यायचं ठरलं. दौलतराव आपलं जुनं टोक धरायला पुढे आले.

"तुमाले समिती हाये ना, तुमी तिकडंच जा," असं म्हणून तुळसाबाईंनी ते टोक स्वतः धरलं.

श्रावणात पूर आला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडून सांगितलं, "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत!" तुळसाबाई अलीकडे उभ्या राहून हसल्या आणि रडल्या. पाणी उतरेपर्यंत त्यांना नातीचं तोंड पाहता आलं नाही. दौलतराव तोवर राजधानीला परत गेले होते. ऐकते की आता त्यांना दुसरी समिती मिळाली आहे, आधीच्यापेक्षा मोठी.

मित्रांनो, मी आता विरले आहे. मला ऊन दाखवत जा, लोकर खाणारी कसर झाडत जा, भोकाला ठिगळ लावा. ते जमलं नाही तरी माझी तक्रार नाही. पण पुन्हा कुणाला मानाने माझ्यावर बसवाल, तेव्हा माझी घडी करून त्याच्या खांद्यावर टाकू नका. एक टोक आपल्या हातात ठेवा.