खिडकीतला शब्दकोश

जेवताना मीठ हवं असलं, तर घरच्या माणसाकडे तुम्ही ते कसं मागता? ‘जरा मीठ दे’ म्हणता ना? कृपा करून, मेहेरबानी करून, असं काही कोणी घरात म्हणत नाही. त्या एवढ्याशा ‘जरा’मध्ये सगळी विनंती येते, सगळी माया येते. पण समोरच्याला तो ‘जरा’ ऐकूच आला नाही तर?

मी खिशात मावणारा एक शब्दकोश बोलतोय. माझ्या प्रत्येक पानावर डावीकडे रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द आहेत आणि उजवीकडे त्यांचे डॅनिश जोडीदार. माझा जन्म कोपनहेगनच्या एका छापखान्यात झाला. निळं कापडी अंग, गोंदाचा वास आणि करकरीत पानं. काही जोड्या सख्ख्या बहिणींसारख्या होत्या. ‘सॉल्ट’ला शेजारी ‘साल्ट’ मिळालं, ‘हाउस’ला ‘हुस’. काही मात्र बोटीत शेजारी बसलेल्या अनोळखी उतारूंसारख्या अवघडून बसल्या होत्या. ‘प्लीज’समोर तर चार शब्दांचं एक लांबलचक शेपूट छापलं होतं. ते सरकारी कागदावर शोभावं असं. जेवणाच्या टेबलावर ते कुठलाच डेन, म्हणजे डॅनिश माणूस, उच्चारत नाही. त्यांच्या बोलण्यात तुमच्या ‘जरा’सारखा एक इवलासा शब्द असतो, आणि नेमकी त्यालाच माझ्यात जागा मिळाली नाही. मी इंग्रजीकडून डॅनिशकडे नेणारी एकेरी वाट. उलट यायचं तर प्रत्येकाने आपापलं चालावं.

मला विकत घेतलं आयनर नावाच्या खलाशाने. तो डेन्मार्कच्या फॅनो बेटावरचा. त्याच्या जाड दर्यावर्दी कोटाच्या आतल्या खिशात मी किती बंदरं पाहिली! हल, लीथ, कलकत्ता. तंबाखूचा चुरा माझ्या पानांत शिरला, खारं पाणी पाठीत मुरलं. बोट डुलायची, कोट डुलायचा, मी डुलायचो. एका जागी स्वस्थ पडून राहणं मला कधी ठाऊकच नव्हतं. त्यामुळे आयनर कायमचा गेल्यावर त्याच्या बायकोने, आस्ताने, मला स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये दोऱ्याची रिळं आणि बाटल्यांची बुचं यांच्या सोबतीला ठेवलं, तेव्हा मी आतल्या आत तडफडत होतो. बाहेर वारा घोंघावायचा. मला वाटायचं, कोणीतरी काढा रे मला.

शेवटी एकदा ड्रॉवर उघडला. आस्ताचा मुलगा विगो, तोही खलाशीच, स्कॉटलंडहून बायको घेऊन आला होता. मोरॅग तिचं नाव. तिच्या कडेवर चार महिन्यांची मारेन. विगोला लवकरच तेलाच्या जहाजावर रुजू व्हायचं होतं. निघण्याआधी त्याने टेबलावर हात ठेवून बायकोला इंग्रजीत आणि आईला डॅनिशमध्ये एकच गोष्ट सांगितली.

“हिवाळाभर दोघी एकत्र राहून बघा. जमलं तर इथेच घर करू. नाही जमलं तर मोरॅग मारेनला घेऊन माहेरी लीथला परत जाईल, मीही मग तिकडेच राहीन. कोणी कोणावर रागवायचं नाही.”

मग मला दोघींच्या मधे ठेवून तो गेला. तो गेल्यावर आस्ताने खिडकीतले चिनीमातीचे दोन कुत्रे समुद्राकडे तोंड करून फिरवले. घरधनी दर्यावर असला की तिथले कुत्रे बाहेर बघतात, परतला की आत. ते दोघे बाहेर बघत बसले आणि मी आत, या दोघींकडे.

आता मला दोन्ही भाषा कळतात, हेच माझं दुखणं. पहिल्याच आठवड्यात आस्ता जेवताना म्हणाली, “जरा मीठ दे गं.” मोरॅगने ‘दे’ आणि ‘मीठ’ एवढंच माझ्यात शोधून ठेवलं होतं. तिला तेवढंच ऐकू आलं. मिठाची वाटी पुढे सरकवत ती इंग्रजीत पुटपुटली, “मीठ दे, पाव दे, दार लाव. विनंतीचा एक शब्द नाही. मी काय हिची मोलकरीण आहे?”

आणि मोरॅग? ती उठता-बसता प्लीज म्हणायची. पण जेवण झालं की बशी उचलून सरळ उठायची. डेन माणूस जेवून उठताना अन्नाबद्दल आभार मानतो, आणि घरची बाई ‘अंगी लागो’ म्हणते. आस्ता दर वेळी ते ऐकायला हात पुसत उभी राहायची. ऐकू यायचं ते बशांचं वाजणं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, ती वाट बघतेय. पण मी आपला दोन रकान्यांत अडकलेला.

शेजारच्या प्रेबनने आयनरबरोबर खूप खलाशीकाम केलं होतं. खारवलेले मासे दोरीवर वाळत घालताना आस्ता कुंपणावरून त्याला म्हणायची, “प्रत्येक गोष्टीला हात जोडते रे ती. परक्या घरी उतरल्यासारखी. तू जरा बोल ना तिच्याशी, तुला येतं इंग्रजी.”

“माझं इंग्रजी बंदरातलं आहे बाई,” प्रेबन म्हणायचा. “मी तोंड उघडलं तर तुझी सून आजच पोहत लीथला जाईल.”

“मग निदान मासे तरी उचलून दे.”

“ते जमेल. ते इंग्रजी बोलत नाहीत.”

आस्ता हसायची, आणि आत येऊन मला उघडून बसायची. तिला एकच शब्द हवा होता. ‘राहा’. राहा इथे, जाऊ नकोस, एवढंच तिला सुनेच्या भाषेत म्हणायचं होतं. पण मी पडलो एकेरी वाट. तिचा शब्द माझ्या उजव्या रकान्यात कुठेतरी बसलेला, आणि तो रकाना तिच्या कामाच्या क्रमाने लावलेला नाही. म्हणून तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज भांडी झाल्यावर चष्मा लावून, उजव्या रकान्यावरून बोट फिरवत ती खाली उतरायची. दोन-तीन पानं झाली की डोळे दुखायचे. तिच्या ‘राहा’चा इंग्रजी जोडीदार ‘स्टे’ किती मागे आहे हे मला ठाऊक होतं. दार उघडून वाऱ्याची झुळूक आली की मी माझी पानं जीव खाऊन फडफडवायचो, त्या पानावर उघडायला बघायचो. आस्ता हाताने दाबून मला पुन्हा मागे आणायची. “कसला हा चुळबुळ्या,” म्हणायची.

मोरॅगचीही चुळबुळ चालायचीच. दुपारी मारेनला पाजून झोपवलं की तिला घरात राहवायचं नाही. डोक्याला रुमाल बांधून ती किनाऱ्यावर जायची, जाणारी-येणारी जहाजं बघत वाळूवरून फिरायची. परत आली की तिला स्वयंपाकघर गारठलेलं मिळायचं. शेगडी पेटलेली असूनही भिंतीसुद्धा थंड. “घरात लेकरू आहे आणि म्हातारी कोळसा वाचवते,” ती पुटपुटायची.

खरी गोष्ट मला माहीत होती, कारण मीच त्यात होतो.

मोरॅग बाहेर पडली की आस्ता मारेनला नीट गुंडाळून बाबागाडीत ठेवायची आणि गाडी बागेत नेऊन दक्षिणेच्या भिंतीशी लावायची. तिथे वारा लागत नाही. त्या देशात तान्ही मुलं दुपारी बाहेरच झोपतात, थंडी असो की धुकं. विगो तिथेच झोपला, त्याचा बापही. यात लपवण्यासारखं काही आहे हे आस्ताच्या स्वप्नातही नव्हतं. परत आल्यावर मोरॅगला मूल आत दिसायचं, कारण तोवर ते भुकेने उठलेलं असायचं.

पण आस्ताचा एक कान पूर्वीपासून अधू. बंद खिडकीतून तिला मुलाचा आवाज येईना. म्हणून ती खिडकी किलकिली उघडायची, आणि खिडकीची आकडी तुटलेली असल्याने फट मिटू नये म्हणून मला त्यात खोचायची. मग आयनरचा जाड कोट अंगावर घालून, खुर्ची ओढून, चांगला कान फटीकडे करून ती विणत बसायची. मारेन झोपेत उसासली तरी तिच्या सुया थांबायच्या. माझं अर्धं अंग बागेत आणि अर्धं घरात. थंडीने माझी शिवण कडकडायची. पण खरं सांगू? ड्रॉवरपेक्षा ते बरं होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी किनाऱ्यावर वाळूचं वादळ उठलं आणि मोरॅग अर्ध्या वाटेतूनच परतली. फाटकातून आत येते तर भिंतीशी बाबागाडी. गाडीच्या छपरावर दंव. आसपास कोणी नाही. तिने गाडीतून पोर उचललं ते किंचाळतच. मारेन गाढ झोपेत होती. ती दचकून रडायला लागली. तिचे गाल गरम होते, पण ते बघायला मोरॅगला भान नव्हतं.

आस्ता कोट टाकून दारात धावली. “काय झालं? पडली का?”

“तू हिला थंडीत टाकून आत बसलीस?” मोरॅग इंग्रजीत ओरडत होती. “कोळसा वाचवलास, ते मी गिळलं. आता माझं मूलही बाहेर फेकलंस?”

“अगं, ती झोपली होती. छान झोपली होती बघ,” आस्ता डॅनिशमध्ये सांगत होती.

दोघीही एकाच मुलाबद्दल बोलत होत्या आणि एकीचं एक अक्षर दुसरीपर्यंत पोचत नव्हतं. आरडाओरडा ऐकून प्रेबन कुंपणापाशी आला. त्याने छातीवर हात आपटत आपलं बंदरातलं इंग्रजी काढलं. “सगळी पोरं बाहेर! मी बाहेर! बघ, मेलो नाही!”

“हे बरं नाही केलंस प्रेबन,” आस्ता म्हणाली. मोरॅगचा चेहरा आणखीच पांढरा झाला होता.

“उद्या सकाळी,” ती म्हणाली, “फेरी.”

बेटावरून पलीकडे नेणाऱ्या बोटीचा हा एक शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखाच आहे. आस्ताला माझी गरज लागली नाही. तिला सगळं कळलं. ती बागेत गेली आणि रिकाम्या गाडीतल्या पांघरुणाच्या घड्या घालायला लागली. आदल्या रात्री ती माझ्यात ‘रेन’पर्यंत आली होती. ‘स्टे’ अजून तिच्या बोटापासून कितीतरी पानं लांब होता.

मोरॅगने मारेनला पाळण्यात ठेवलं आणि पेटी ओढली. कपडे कोंबले. मग थांबली. जाण्याआधी सासूला एक शब्द सुनावायचा होता, तिला कळेल असा, तिच्या भाषेतला. ‘क्रूर’. तिने ड्रॉवर उघडला. रिळं आणि बुचं. टेबल बघितलं, फडताळ बघितलं. “आता ते पुस्तकही लपवलं वाटतं.” एवढ्यात तिच्या मानेला गार वारा लागला. ती त्या वाऱ्याच्या मागाने खिडकीपर्यंत आली, आणि तिला मी दिसलो.

पाठ दंवाने ओली, पानं फुगलेली, खिडकीच्या चौकटीत चेपलेला. मला उपसायला तिने हात घातला. मग तिची नजर खुर्चीकडे गेली. भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली खुर्ची, तिच्या पाठीवर सासऱ्याचा कोट. ओट्यावर साय धरलेली गार कॉफी. विणायच्या सुयांना लटकलेला अर्धा पायमोजा, मारेनच्या मापाचा. मोरॅगचा हात माझ्यावर तसाच राहिला. ती हळूच त्या खुर्चीत टेकली आणि तिने कान माझ्याजवळ आणला.

बागेतलं सगळं ऐकू येत होतं. कपड्यांच्या दोरीचं कुरकुरणं. गाडीच्या स्प्रिंगचा बारीकसा आवाज. आणि घड्या घालता घालता आस्ताचं नाक ओढणं, इतकं जवळ, की जणू ती शेजारीच उभी होती.

मोरॅग बराच वेळ बसली. बसल्या बसल्या ती काकडली, तेव्हा तिने तो कोट अंगावर ओढून घेतला. ‘क्रूर’ हा शब्द माझ्या अगदी सुरुवातीच्या पानांत आहे, उघडला असता तर लगेच सापडला असता. तिने मला उघडलं नाही. होतो तिथेच राहू दिलं. त्या संध्याकाळी दोघी जेवल्या. पेटी तशीच दाराशी होती. आणि मी चौकटीत रात्रभर फडफडत राहिलो. फेरीचा भोंगा आधी वाजेल की माझी शिवण आधी सुटेल, कळत नव्हतं.

आता मी फार म्हातारा झालोय. माझं निळं कापड विटलं, ‘विंडो’चं पान पाण्याने धुऊन कोरं झालं. मारेनला दोन्ही भाषा तोंडपाठ आहेत, तिला माझी गरज पडत नाही. बेटावरच्या पोरांनाही पडत नाही. मी अजून त्याच स्वयंपाकघरात, कुत्र्यांच्या शेजारी असतो. एवढीच मागणी आहे, मला पुन्हा ड्रॉवरमध्ये घालू नका. आणि तुमच्या घरी परक्या बोलीचं माणूस आलं, तर त्याचे शब्द माझ्यासारख्यांत जरूर शोधा, पण ते कुठे बसतं, कशाकडे कान लावून बसतं, तेही बघत जा. बाकी तुम्ही त्या फेरीचंच विचारणार, मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी वेळेवर सुटली. मोरॅगने मारेनला गुंडाळून बाबागाडीत ठेवलं, गाडी स्वतः भिंतीशी नेऊन लावली, मला खिडकीत नीट खोचलं आणि आस्ताच्या खुर्चीला लावून दुसरी खुर्ची ओढली.