उताणं गाढव

कळलाव्याचं खरं नाव टेम्पो स्टँडवर कुणाला आठवत नव्हतं, आणि त्याचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. पन्नाशीला टेकलेला माणूस. टेम्पो चालवायचा आणि जाईल तिथं काडी टाकून यायचा. बरोबरच्या ड्रायव्हरांपैकी पैलवानाच्या सीटखाली फुगा ठेव, भोंग्याच्या हॉर्नला लहान पोराच्या रडण्याचा आवाज बसव, असले उद्योग. त्यामुळे माल वाहणाऱ्या प्रत्येक गाडीत डबी बसवायची सक्ती होणार, असं वरून आलं तेव्हा अख्ख्या स्टँडनं त्याच्याकडेच बघितलं.

डबी काडेपेटीएवढी. डॅशबोर्डखाली चिकटायची आणि गाडी कुठं आहे, किती वेगात आहे, कुठं थांबली, सगळं वाहतूक खात्याच्या ऑफिसात कळवायची. अपघात कमी होतील म्हणे.

"म्हणजे आता लघवीला थांबलो तरी सरकारला कळणार," भोंगा म्हणाला.

"कळू दे की," कळलाव्या म्हणाला. "निदान कुणीतरी चौकशी करेल, बरं आहे ना म्हणून."

चाचणी म्हणून स्टँडवरच्या गाड्यांना डब्या लागल्या. मग जाहीर सुनावणी ठरली. नगरपालिकेच्या सभागृहात मोठा पडदा लावणार, त्यावर गाड्या ठिपके होऊन फिरताना दाखवणार, आणि ठिपक्यामागं हिरवी रेघ उमटत जाणार. मग ज्याला बोलायचं त्यानं माइकवर यावं. बाजूनं असो की विरोधात.

हे ऐकलं आणि कळलाव्याच्या डोक्यात किडा वळवळला. स्टँडच्या फरशीवर त्यानं खडूनं शहरातले रस्ते काढले आणि त्या रस्त्यांवरून एक गाढव काढलं. चांगलं लांब कानांचं. ऐन सुनावणीच्या वेळी प्रत्येकानं आपापला तुकडा चालवायचा. कुणी कान, कुणी पाठ, कुणी पाय. आपली रेघ संपते त्या चौकात थांबायचं, शेजारची रेघ काढणारा तिथं आला की हात दाखवायचा आणि सुटायचं. ऑफिसच्या साहेबांच्या पडद्यावर, साहेबांच्याच डबीनं, साहेबांच्या डोळ्यांदेखत गाढव. हसून हसून लोकांची पोटं दुखली की डबी गेली बाराच्या भावात.

शेपूट आलं मौनीच्या वाट्याला. मौनी दिवसभरात चार शब्द बोलला तर स्टँडवर बातमी व्हायची. त्यानं फरशीवरच्या शेपटाच्या टोकाकडे बोट केलं आणि मान हलवली. तिथं कळलाव्यानं छान झुपका काढला होता, आणि झुपका कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर येत होता.

"अरे, झुपक्याशिवाय गाढव म्हणजे बकरी वाटेल," कळलाव्या म्हणाला. "जा की जरा हळू."

मौनीनं पुन्हा मान हलवली, पण या वेळी होकाराची.

सुनावणीच्या सकाळी कळलाव्या चहा पीत होता तेव्हा बायको ठेवणीतले कपडे घालून बाहेर आली. ती स्टँडच्या कोपऱ्यात मशीन टाकून गाड्यांच्या सीटा शिवायची. रेग्झिनला तिच्यासारखी टीप गावात कुणाची नव्हती.

"तू कुठं?"

"सुनावणीला. बोलणार आहे मी. डबीच्या बाजूनं."

चहा कळलाव्याच्या नाकात गेला.

"आज ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? माझा भाऊ खड्ड्यात पडून होता, गाडीसकट. वरून सगळं जग गेलं. सापडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणला असता तर. तेव्हा डबी असती तर आधी आणला असता." तिनं चपला घातल्या. "तुझी टवाळी तू कर. मला माझं बोलू दे."

गाड्या तोवर सुटल्या होत्या. एक फोन केला असता तर गाढव गोठ्यातच राहिलं असतं. पण कळलाव्याचा हात काडी ओढायला शिकलेला, विझवायला नाही. कदाचित बायकोचा नंबर आधीच लागेल, ती बोलून खाली बसेल आणि गाढव नंतर उगवेल, असा हिशेब मनाशी घालत तो तिच्या मागून निघाला.

सभागृह गच्च भरलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, करकरणारे पंखे, कान फोडणारा माइक. साहेबांनी दिवे मालवायला सांगितले आणि पडदा उजळला.

कळलाव्या काहीतरी चटकदार बोलणार होता, पण आधी त्याची नजर पडद्यावर गेली.

इतकी वर्षं त्यानं रस्ता काचेतून बघितला होता. रस्ता म्हणजे पुढच्या गाडीचा मागचा फळा आणि आरशातला धूर. आणि आता अख्खं शहर त्याच्या समोर अंधारात पसरलं होतं, आणि त्यात ठिपके चालत होते. त्याचीच माणसं. तो वळणावर दबकत जाणारा म्हणजे पैलवान, त्याचा गिअर अडकतो. तो झोकात सुटलेला भोंगा. ठिपका बघून त्याला माणूस ओळखता येत होता, चालीवरून ओळखावा तसा. लहानपणी मुंग्यांच्या वारुळात डोकावायचा, तसा तो पुढं वाकून बघत राहिला.

मग रेघा जुळायला लागल्या. गाढव उमटत होतं. पण चार पाय आकाशात!

स्टँडवरचा माणूस शहर काढणार म्हटल्यावर आपला स्टँड वरच काढणार की. ऑफिसच्या नकाशात तो पार तळाला होता. त्यामुळे गाढव उताणं पडलं होतं, आणि सभागृहात कुणाला काही बोध होत नव्हता.

"टेबल आहे का हो ते?" मागून एकीनं विचारलं.

"बघा, गाड्या किती सर्वदूर जातात," साहेब खूश होऊन म्हणाले.

बायकोचा नंबर लागला होता. ती माइकपाशी उभी राहून भावाबद्दल बोलत होती, आणि बोलता बोलता तिची नजर पडद्यावर गेली. तिनं मान तिरकी केली. अजून तिरकी. मग सगळ्या सभागृहातून नेमकं नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं बघणं त्याच्या वाट्याला एक-दोनदाच आलं होतं. खुर्चीखाली जागा असती तर तो गेला असता.

तेवढ्यात शेपूट थांबलं.

मौनीचा ठिपका कालव्याच्या रस्त्यावर होता. तो लाल झाला.

"हे लाल काय?" बायकोनं माइकवरूनच विचारलं.

"गाडी कलंडली की डबी लाल दाखवते," साहेब अभिमानानं म्हणाले. "बघितलंत? लगेच समजलं."

"मग आता कोण जाणार तिथं?"

"त्याची नोंद होते, बाई. महिनाअखेरीस अहवाल निघतो."

"महिनाअखेरीस?" तिचा आवाज चिरकला आणि माइक त्याच्याही वर किंचाळला.

कळलाव्याला फरशीवरचा नकाशा आठवला. कच्चा रस्ता. झुपका. जा की जरा हळू. मौनीला त्यानं पाठवलं होतं, बकरी वाटू नये म्हणून. त्यानं खिशातून फोन काढला. मौनी उचलत नव्हता. त्याला बाहेर पळायचं होतं, पण डोळे पडद्यावरून हलेनात, कारण पडद्यावर आता काहीतरी चाललं होतं.

मागच्या पायाचा ठिपका चौकात थांबला होता, मौनीची वाट बघत. तो वळला आणि कालव्याकडे निघाला. त्याच्या पलीकडचा त्याची वाट बघत होता. थोड्या वेळानं तोही वळला. मग पोट. मग पुढचे पाय. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. स्टँडचा एक दंडक होता, मेहुणा गेल्यापासूनचा. मागचा दिसला नाही तर पुढच्यानं पुढं जायचं नाही, परत फिरायचं. लोक तो पाळत होते हे कळलाव्याला माहीत होतं. तोही पाळायचा, कुरकुरत. पण पाळताना तो दंडक कसा दिसतो, हे आजवर कुणीच बघितलं नव्हतं. बघणार कुठून? प्रत्येकाला आपल्यापुरतंच वळण दिसायचं.

उसवलेल्या टिपेसारखं गाढव सुटत गेलं. कान शहराच्या पार टोकाला होते, तेही वळले. सगळे ठिपके एका लाल ठिपक्याकडे वाहायला लागले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला. मग त्याच्या मागचे. कुणी उठा म्हटलं नव्हतं.

फोन थरथरला. भोंगा होता.

"कडा खचली. गाडी कालव्यात आडवी. पाय अडकला होता, पहारीनं दार उचकटलं. काढलाय बाहेर."

"शुद्धीत आहे?"

"शुद्धीत? तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. एवढं बोलताना आम्ही त्याला पहिल्यांदाच ऐकतोय, मध्ये तोडवत नाही. निघालोय दवाखान्यात."

कळलाव्यानं बायकोकडे बघून होकाराची मान हलवली. तिनं माइकचा दांडा धरला होता, तो सोडला.

"विरोधात बोलणारे पुढचे," साहेबांनी कागदात बघून पुकारलं.

पुढचा तोच होता. तो माइकपाशी गेला. बायको हलली नाही, म्हणून दोघं एका माइकपुढं उभे राहिले.

"मला टिंगल करायची होती," तो म्हणाला. "ते मगाचं टेबल नव्हतं, गाढव होतं. मी काढायला लावलेलं. त्या पोराला त्या रस्त्यानं मीच धाडलं." सभागृहात कुजबुज झाली. "शिक्षा काय ती द्या. पण एक ऐका. तुमच्या पडद्याला सगळं दिसलं आणि तो गप्प बसला. आमच्या लोकांना काहीच दिसत नव्हतं आणि ते पोचले. यांना दिसलं असतं तर किती आधी पोचले असते?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"पडदा स्टँडवर लावा. आमचा आम्हाला बघू द्या."

"नियमात तशी तरतूद नाही."

"मग घाला ना," बायको म्हणाली. "शाई संपली का?"

साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "पण तुमचं मत कुठं लिहू? डबीच्या बाजूनं की विरोधात?"

कळलाव्यानं बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या डोळ्यांत पडदा चमकत होता.

"ते आम्ही घरी भांडून ठरवू," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. कुणी ऐकतच नव्हतं. पडद्यावर ठिपके कालव्यापासून निघाले होते. एक मधोमध, बेताच्या वेगानं, धक्का लागू नये असा. बाकीचे त्याच्या पुढं धावत होते. एकेक जण पुढच्या चौकात जाऊन आडवा थांबायचा, रस्ता मोकळा धरायचा, मधला निघून गेला की मागं लागायचा. चौकामागून चौक उघडत होता.

"हे यांना कोण सांगतंय?" साहेबांनी हळूच विचारलं.

कळलाव्या पुढचा चौक उघडताना बघत होता. बायकोनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं, शिवणाऱ्या बाईची पकड, आणि मधला ठिपका दवाखान्याच्या फाटकात शिरेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.